मिठाची दोन नावं

गावंडे बाई साधं मीठसुद्धा एका नावानं मागत नसत. मधल्या सुट्टीत आम्ही मुली शाळेच्या आवारातल्या निंबाखाली डबे सोडायचो. बाई आपली ज्वारीची भाकर फडक्यात बांधून आणायच्या आणि शिक्षकांच्या खोलीत न बसता आमच्यात येऊन बसायच्या. मग त्यांचा प्रश्न ठरलेला, "कोणाजवळ मीठ हाय वं? सोडियम क्लोराईड?" देणारीनं पुडी पुढे करताना दोन्ही नावं घ्यायची. "घ्या बाई, मीठ, सोडियम क्लोराईड." नुसतं मीठ म्हणणारीची पुडी परत जायची आणि बाई तशीच अळणी भाकर चावत बसायच्या. "एक नाव मालूम असणं म्हंजे अर्धीच ओळख," त्या म्हणायच्या. "माणसाचंही तसंच हाय."

शेवटचं वाक्य आम्हाला तेव्हा कळत नव्हतं. आम्ही हसायचो.

बाजारातही त्यांचं हेच. तुरटी, नवसागर, पापडखार, खायचा सोडा असं सामान घेताना त्या किराणावाल्याला दुसरं नाव सांगायच्याच. तो बिचारा त्यांना पाहूनच ओरडायचा, "या बाई, तुमचं सोडियम आलं!" "कोणतं सोडियम? सोडियम काई एक हाय का? पूर्ण नाव सांगा." "आता पूर्ण नाव तुमीच सांगा बाई, मी फक्त वजन करतो." बाई उंच, काटक, काठाचं सुती लुगडं, कपाळावर लहानसं कुंकू, आणि उजव्या हाताची दोन बोटं मोरचुदानं कायमची निळसर झालेली. शाळेत नवीन आलेल्या मुलींना आम्ही सांगायचो की बाईंनी लहानपणी विष चाखलं होतं, ते बोटांत उतरलं. मुली घाबरायच्या. बाईंना ते कळलं तेव्हा रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "चाखलं होतं, पण ते निळं नव्हतं."

मी कौसल्या. अमरावतीच्या बाहेर आमचा मळा होता. वांगी, मेथी, झेंडू, शेवंती आणि बांधाला लागून संत्र्याची थोडी झाडं. दुसऱ्या महायुद्धाचे, लढाईचे दिवस होते, वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. माळ्याच्या घरातली मुलगी हायस्कुलात जाते हे आमच्या आळीत नवल होतं. ते नवल फार टिकलं नाही, नववीतच माझी शाळा संपली. तेव्हापासून मी इथे खड्गपूरला आहे, वऱ्हाडापासून रेल्वेनं एक दिवस आणि एक रात्र दूर. चार ओळी लिहायच्या म्हटलं तरी मला अजून धाकधूक होते. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर कोण काय म्हणेल, असं वाटत राहतं. पण बाईंवर मी लिहिलं नाही तर कोणी लिहिणार नाही, ही भीती त्याहून मोठी आहे. बाईंनी माझ्यासाठी दोन गोष्टी मागितल्या. एक होती माझी मॅट्रिक, ती मिळाली नाही. दुसरी मिळाली, आणि ती अजून माझ्याजवळ आहे. तेवढ्यासाठी हे लिहिते आहे.

मुलींच्या शाळेत रसायनाला जागा नव्हती. एक मोडकं कपाट, चार परीक्षानळ्या, एक स्पिरीटचा दिवा. बाईंनी आम्हालाच सामान केलं. मूलद्रव्यांचे अणू एकमेकांना कसे धरतात हे शिकवायला त्या आम्हाला पटांगणात नेत. "हायड्रोजनले एक हात, ऑक्सिजनले दोन." हायड्रोजन झालेली मुलगी एक हात पाठीमागे बांधून घ्यायची. दोन हायड्रोजन आणि मधे एक ऑक्सिजन अशा हात धरून उभ्या राहिल्या की पाणी. कार्बनला चार हात लागतात. मुलींना चार हात कुठून आणणार? बाई म्हणाल्या, "दोन वेण्या कशासाठी हायेत?" आणि मला पुढे ओढलं, कारण वर्गात सगळ्यात लांब वेण्या माझ्या होत्या. दोघींनी माझे हात धरले, दोघींनी वेण्या. "ओढू नका वं!" मी ओरडले. "ओढ असतेच," बाई म्हणाल्या, "ओढ नसन तं जोड टिकन काहून?" त्या दिवसापासून शाळेत माझं नाव कार्बन पडलं.

दोन तऱ्हेचे जोड असतात, हे त्यांनी कोणत्याही पुस्तकापेक्षा सोपं सांगितलं. एकात दोघं मिळून वापरतात, दुसऱ्यात एक देतो आणि दुसरा घेतो. "सोडियमच्या बाहेरच्या अंगणात एकच इलेक्ट्रॉन राह्यते. क्लोरिनच्या अंगणात एक कमी असते. यानं देल्ला, त्यानं घेतला. मंग देणारा आन् घेणारा एकमेकाले सोडत नाईत. एकटा सोडियम पाण्यात टाकला तं पेट घेते. एकटा क्लोरिन छातीत गेला तं जीव घेते. आन् दोघं मिळून तुमच्या वरणात." मग नाव कसं द्यायचं ते आलं. "धातू उंबरठा ओलांडून पयले आत येते, आपलं नाव जसंच्या तसं घेऊन. सोडियमचं सोडियमच. दुसऱ्याचं शेपूट बदलते. क्लोरिनचं क्लोराईड, ऑक्सिजनचं ऑक्साईड, गंधकाचं सल्फाईड."

मागच्या बाकावरची शकू उभी राहिली. तिच्या बहिणीचं नुकतंच लग्न झालं होतं. "बाई, हे तं उलटंच हाय. उंबरठा आमच्या ताईनं ओलांडला, तं तिचंच सगळं नाव बदललं. भाऊजीचं शेपूटबी नाई बदललं!"

वर्ग फुटला हसून. बाई हसल्या नाहीत. खडू हातात धरून फळ्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "रसायनात तशी जबरदस्ती नाई."

मी भीत भीत विचारलं, "बाई, सोडियमले त्याचा इलेक्ट्रॉन वापस नाई भेटत काय?"

"भेटते. पण मीठ वितळेपर्यंत तापवा लागते, आन् वरून वीज सोडा लागते. फुकटात वापस येता येत नाई, पोरी."

एकदा शाळेच्या फाटकाशी कल्हईवाला बसला होता. बाईंनी चालू तास सोडून आम्हाला त्याच्याभोवती उभं केलं. त्यानं तापल्या पातेल्यात चिमूटभर पूड टाकली आणि पांढऱ्या धुराचा लोट उठला. "ये नौसादर है, बाईसाब." "बरोबर. आन् अमोनियम क्लोराईड पण." "होगा जी. हमारे यहाँ तो नौसादर ही आता है." बाईंनी धुराकडे बोट दाखवलं. "पाहा, तापलं की दोघं वेगळे झाले. वर गेले, थंड झाले, पुन्हा एक. हा धूर म्हंजे परत आलेला नवसागरच." शकू पुटपुटली, "आमचे काका-काकू!" यावेळी मात्र बाई मनापासून हसल्या. मग हसू ओसरल्यावर, जणू स्वतःलाच, म्हणाल्या, "सगळ्यायचंच तसं होत नाई."

माझी शाळा सुटायची पहिली पाळी विळ्यामुळे आली. संत्र्यावर फवारायला बाबा मातीच्या कुंडीत मोरचूद भिजवायचे. कोणाच्या हातून कोण जाणे, गवताचा विळा त्या निळ्या पाण्यात पडून राहिला. सकाळी आत्याबाईनं तो बाहेर काढला आणि किंकाळी फोडली. पातं लालभडक झालं होतं. आत्याबाई म्हणजे बाबांची थोरली बहीण, आमच्याकडेच राहायची, आणि तिच्या शब्दापुढे घरात कोणाचं चालत नसे. "रगत! विळ्याले रगत सुटलं! मी म्हनत नोती का, पोरगी शाळेत धाडू नका, देवी खपवून घेनार नाई?" लिंबू आलं, हळद आली, विळा धुऱ्याशी, मळ्याच्या हद्दीवर, पुरायचं ठरलं. आणि कौशीची शाळा बंद, हेही त्याच दमात ठरलं.  मी गोठ्यामागे जाऊन रडले.

शकूनं ते शाळेत सांगितलं. बाई दुपारी उन्हात चालत मळ्यात आल्या. आधी चुलीपाशी जाऊन आईकडे पाणी मागितलं, मग विळा मागितला. आत्याबाई म्हणाली, "हात नका लावू, बाधन." बाईंनी पात्यावरून नख फिरवलं, लाल पूड बोटावर घेतली आणि बाबांना दाखवली. "हे तांबं हाय, भाऊ." मग खिळा मागवला, लखलखीत घासायला लावला, कुंडीतल्या पाण्यात धरला. आम्ही सगळे वाकून पाहत होतो. पाहता पाहता खिळा लाल झाला. आत्याबाई दोन पावलं मागे सरली.

"मोरचूद म्हंजे कॉपर सल्फेट," बाई म्हणाल्या. "त्यात तांब्याचं घर होतं. लोखंड जास्त जोरदार. थे आत गेलं, तांब्याले बाहेर काढलं. बाहेर निघालेलं तांबं विळ्यावर बसलं. आता पाण्यात आयर्न सल्फेट, म्हंजे तुमचा हिराकस. एवढीच गोष्ट."

आत्याबाईची भीती गेली तशी तिची जीभ सुटली. "म्हंजे घर थेच, बायको दुसरी? पयलीले काढून देल्लं?" आणि ती आपल्याच बोलण्यावर खो खो हसली.

बाईंच्या हातातून खिळा कुंडीत पडला. तो काढायला त्या वाकल्या. मग म्हणाल्या, "हो. तसंच."

तेव्हा मला वाटलं, उन्हातून आल्यानं त्यांचा चेहरा असा उतरला.

बाबांना बाईंचं बोलणं आवडलं होतं. ते विचारू लागले, त्या सांगू लागल्या. दोघं मिळून वापरतात त्या जोडाची गोष्ट निघाली तेव्हा बाबा म्हणाले, "म्हंजे आमची आन् बळीरामची हीर." आमची विहीर शेजारच्या बळीरामकाकांशी सामाईक होती. "अगदी तसं," बाई म्हणाल्या. "मंग आमी भांडतो तसे थेबी भांडत असन?" "भांडत नाईत, पण ऑक्सिजन जरासं आपल्याकडं ओढून घेते." बाबांनी मांडीवर थाप मारली. "म्हंजे बळीराम ऑक्सिजन!" पलीकडच्या वाफ्यातून बळीरामकाका ओरडले, "काय म्हनता जी मले?" त्या हसण्यात बाईंनी आपलं मागणं घातलं. "भाऊ, पोरगी हुशार हाय. मॅट्रिक होईपर्यंत थांबा." बाबांनी पाटाच्या पाण्याकडे पाहिलं, आत्याबाईकडे पाहिलं. "थांबतो बाई," म्हणाले.

त्यांनी थांबायचं मनापासून ठरवलं होतं, हे मला आजही मान्य आहे. पण पुढच्या साली अकोल्याहून स्थळ आलं. मुलगा खड्गपूरला रेल्वेच्या कारखान्यात फिटर, व्यसन नाही, हुंडा नको. लढाईच्या कामामुळे रजा थोडी, लग्न लगेच हवं. असं स्थळ पुन्हा येत नाही असं आळीतलं प्रत्येक जण म्हणाला. बाबा स्वतः शाळेत गेले, फाटकाशी टोपी काढून उभे राहिले. "बाई, शब्द मोडला माह्या हातून." बाईंनी त्यांना टोपी घालायला लावली. मग विचारलं, "मुलगा कसा हाय?" "भला वाटते." "मंग मले एक द्या. पाठराखीण म्हून मी जाते तिच्यासंगं."

नवी नवरी पहिल्यांदा सासरी निघाली की तिच्या सोबत माहेरचं कोणी जातं, ती पाठराखीण. बहुधा आजी, मावशी. शाळेतल्या बाई पाठराखीण म्हणून गेल्याचं मी कुठे ऐकलं नाही. शिवाय बाई अकोल्याचं नावही काढत नसत. शाळेची सहल अकोल्याला ठरली होती तेव्हा त्या आजारी पडल्या होत्या.

लग्नाच्या सकाळी बायका माझ्या वेण्या सोडून खोपा घालत होत्या. बाई दाराशी उभ्या होत्या. "कार्बनचे दोन हात गेले," त्या हळूच म्हणाल्या. आरशात मला त्यांचे डोळे दिसले, आणि मी मान खाली घातली.

बडनेऱ्याहून अकोल्याच्या गाडीत वऱ्हाडी मंडळी पेंगत होती. मी खिडकीशी, बाई शेजारी.  बाई बाहेर पाहत बोलू लागल्या, मला सांगत होत्या की खिडकीला, कळत नव्हतं. त्या अंजनगाव सुर्जीकडच्या, घरची शेती. तेराव्या वर्षी अकोल्याजवळच्या एका गावी दिलं. तिथं तांदळात नाव लिहिलं, सुशीला. पाच वर्षांनी नवऱ्यानं दुसरी आणली. पहिलीनं आधी चुलीपाशी झोपायचं, मग गोठ्यात, मग एक दिवस भाऊ येऊन घेऊन गेला. भावानं अमरावतीला शाळेत घातलं, तेव्हा दाखल्यावर तेच नाव चढलं, कारण कायद्यानं ती त्या घरचीच होती.

"नाव त्यायनं ठेवलं," बाई म्हणाल्या. "मले काई ठेवलं नाई."

मला विळ्याचा दिवस आठवला. आत्याबाईचं हसणं आठवलं. मी त्यांच्या निळ्या बोटांवर हात ठेवला.

"तू इचारलं होतं, सोडियमले वापस भेटते का म्हून," त्या म्हणाल्या. "मी आली वापस. वितळून आली. पण नाव नाई आलं वापस."

"मग तुमचं मूळचं नाव काय, बाई?"

"जाऊ दे. थे हाक मारणारं आता कोणी नाई."

सासरी लक्ष्मीपूजन झालं. पाटावर ताट मांडलं, ताटात तांदूळ पसरले, माझ्या नवऱ्याच्या हातात सोन्याची अंगठी दिली. सासूबाईंनी नाव आधीच ठरवलं होतं, प्रमिला. त्या वेळी तेच नाव जिकडेतिकडे चाललं होतं. नवऱ्यानं अंगठी तांदळाला टेकवली तोच मागून बाईंचा आवाज आला.

"जावईबापू, एक इचारू? मीठ कशाकशाचं बनते?"

सगळे वळून पाहू लागले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. नवरा गोंधळला. "समुद्राच्या पाण्याचं?"

"सोडियम आन् क्लोरिन. एक होते, दोघंही बदलते, अन्नाले चव येते. पण नाव घेतानी आत आलेल्याचं नाव पयले घेते, जसंच्या तसं. तुमी तिचंही तसंच ठेवा. एवढंच मागते."

"हे काय शाळा हाय?" सासूबाई म्हणाल्या. "आमच्या घरची रीत हाय, पिढ्यांपासूनची." त्यांच्या जावेनं बाईंना ओळखलं असावं, तिनं कानाशी काहीतरी सांगितलं. सासूबाईंचा आवाज चढला. "अवं, जिचं सोताचं घर टिकलं नाई, थे आमाले संसार शिकवून राह्यली?"

 मला वाटलं, बाई आता उठून जातील. त्या बसल्या जागेवरून हलल्या नाहीत. "खरं हाय माय," त्या म्हणाल्या. "माह्यं घर गेलं, नावही गेलं. म्हूनच आली इथं. नाई तं या गावात मी पाय ठेवला नसता."

माझा नवरा ताटाकडे पाहत होता. त्याचा चेहरा मी तोवर नीट पाहिलाही नव्हता. अंगठीनं त्यानं सावकाश अक्षरं ओढली, आणि मान वर न करता म्हणाला, "आई, मले प्रमिला लिवता येत नाई. प्र चुकते माहा."

"आन् कौसल्या लिवता येते?"

"थे पत्रिकेवर पाहून पाहून पाठ झालं."

कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले, सासूबाईंनाही पदर तोंडाला लावावा लागला. तांदळात कौसल्या असंच लिहिलेलं होतं. पुढे वर्षानुवर्षं सासूबाई बाईंचा उल्लेख "थे मीठवाली" असाच करायच्या, पण मला मात्र कधी प्रमिला म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी बाई निघाल्या. आम्ही दोघं त्यांना स्टेशनवर सोडायला गेलो. त्यांच्या जुन्या सासरगावाकडे जाणारी मोटार स्टेशनबाहेर उभी होती, कंडक्टर गावाचं नाव घेऊन ओरडत होता. बाई एकदाच तिकडे वळून पाहून म्हणाल्या, "आली थे दुसरीही कोणाची तरी लेकच." मग गाडी आली. खिडकीतून त्यांनी माझ्या हातात कागदाची पुडी दिली. मी उघडून पाहिलं आणि रडत रडतच म्हटलं, "मीठ, सोडियम क्लोराईड." त्या म्हणाल्या, "पास."

खड्गपूरला आल्यावर पहिली काही वर्षं मला कोणाशी बोलता येत नसे. भाषा वेगळी, पाणी वेगळं, शेजारणींना माझं बोलणं भांडणासारखं वाटायचं. नवरा कामावर गेला की मी डब्यांवरची नावं मनात म्हणायची, दोन्ही नावं. चुना, कॅल्शियम हायड्रॉक्साईड. तुरटीचं लांबलचक नाव अर्ध्यावर अडायचं. मॅट्रिक झाले असते तर अडलं नसतं, असं वाटून डोळे भरायचे. पण संध्याकाळी दारातून हाक यायची, "कौसल्या!" आणि त्या परमुलखात मी बाबांच्या मळ्यातलीच कोणीतरी आहे, हे मला पटायचं. एका हाकेत किती आधार असतो, हे ज्यांचं नाव कधी गेलं नाही त्यांना सांगून कळणार नाही.

माझ्या धाकटीच्या वेळी बाळंतपणाला माहेरी आले तेव्हा शकूनं सांगितलं, बाई दवाखान्यात आहेत. पोटाचं दुखणं, डॉक्टरांनी हात टेकले होते. मी बाळाला आईजवळ ठेवून गेले. खाटेवर त्या एवढ्याशा झाल्या होत्या. केस कापलेले, बोटांचा निळा रंगही फिका पडलेला. नर्स त्यांना सुशीलाबाई म्हणून हाक मारत होती, त्या तिच्याकडे पाहत नव्हत्या. मी लिंबाचं पाणी करून नेलं होतं. त्यांनी एक घोट घेतला आणि डोळे मिटूनच विचारलं, "यात काय घातलं?"

"साखर. आणि मीठ, सोडियम क्लोराईड."

"बरोबर." मग त्यांनीच विचारलं, "आन् मी कोण?"

मला वाटलं, त्यांना भ्रम झाला. "गावंडे बाई."

"दुसरं नाव?"

"सुशीला."

"थे त्यायचं. मूळचं सांग."

 मला माहीतच नव्हतं. बाईंनी डोळे उघडले. "गुंफा," त्या म्हणाल्या. "मायनं ठेवलं होतं. माय गेली, भाऊ गेला. आता थे कोणाच्या तोंडात नाई. एक डाव हाक मार."

"बाई, मी कशी मारू? तुम्ही माझ्या बाई."

"मार वं. तोंडी परीक्षा समज."

 "गुंफाबाई," मी म्हटलं.

"शेपूट नको लावू. जसंच्या तसं."

मी त्यांचा हात धरला. "गुंफा."

"ओ!" त्या म्हणाल्या. दुखण्यानं खोल गेलेला तो आवाज कुठून आला कोण जाणे. विहिरीवर धुणं धुणाऱ्या मुलीनं घरातून हाक आल्यावर द्यावी तशी, लांब, लगबगीची ओ. मग त्या भिंतीकडे वळल्या आणि झोपल्या.

मी खड्गपूरला परतल्यावर माझ्या भावाच्या पत्रातून कळलं, बाई गेल्या. शाळेत शोकसभा झाली. फळ्यावर मोठ्या अक्षरात सुशीलाबाई लिहिलं होतं, भाषणं झाली, मुली रडल्या. कोणी चुकीचं काही बोललं नाही. त्यांना अर्धंच माहीत होतं.

ते कळलं त्या दुपारी मी स्वयंपाकघरात होते. चुलीवर वरण उकळत होतं. मिठाचा डबा उघडला आणि हात थांबला. घरात कोणी नव्हतं. मी दाराशी आले, आणि आमच्या मळ्यातल्या आवाजात, शेजारीपाजारी काय म्हणतील याची भीती न ठेवता, हाक मारली, "गुंफा!"

आणि ओ येते का म्हणून थोडा वेळ तशीच उभी राहिले.